बंद मोटारीतील चक्रक दोष

भारतीय तर्कशास्त्रात युक्तिवादाचे जे दोष सांगितले आहेत त्यांत ‘चक्रक’ नावाचा एक दोष आहे: पहिली गोष्ट सिद्ध व्हायला दुसरी लागते, दुसरीला तिसरी लागते आणि तिसरी पुन्हा पहिलीच्याच दारात येऊन उभी राहते. नैयायिकांना या दोषाची उदाहरणे बहुधा कल्पनेने रचावी लागली असतील, कारण त्यांच्या काळी बैलगाडीला दार नव्हते आणि बैलाला कुलूप लावण्याची पद्धत नव्हती. ही उणीव मोटार बनवणाऱ्या कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्णपणे भरून काढली. आजच्या मोटारीचे दार विजेवर उघडते, वीज बॅटरीत असते, बॅटरी बोनेटखाली असते आणि बोनेट उघडण्याचा खटका चालकाच्या गुडघ्यापाशी, म्हणजे त्याच बंद दाराच्या आत असतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की दार, बॅटरी आणि बोनेट एकमेकांकडे बोट दाखवू लागतात, आणि मालक किल्ली हातात असूनही आपल्याच फाटकात परक्यासारखा उभा राहतो.

या दोषाच्या क्षेत्रीय अभ्यासाला नागपूरच्या नैर्ऋत्येकडील प्रताप नगर ही वसाहत फार सोयीची आहे. खामला, त्रिमूर्ती नगर, स्वावलंबी नगर यांच्या शेजारातल्या या भागात स्वतःचे अंगण आणि अंगणात मोटारीपुरती जागा असलेली घरे अजून टिकून आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच घरांत निवृत्त दांपत्य खाली राहते, वरचा मजला रिकामा असतो आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा थेट साता समुद्रापार असतात. मोटार मुलाच्या आग्रहाने घेतलेली असते. तिचे वार्षिक कार्य म्हणजे दसऱ्याला झेंडूचा हार घालून घेणे, लग्नसराईत दोन-तीन मंगल कार्यालयांपुढे उभे राहणे, जमल्यास एकदा रामटेक करणे आणि मुलगा आला की सोनेगावच्या विमानतळावर जाणे. उरलेला काळ ती राखाडी आच्छादनाखाली असते. त्या आच्छादनावर मांजर झोपते, आणि वर्षभरात मोटारीचा सर्वाधिक उपयोग कोणी केला हे निष्पक्षपणे ठरवायचे झाल्यास मान मांजराकडेच जातो.

उभ्या असलेल्या मोटारीला काही खर्च नाही, हा समज मूळ दुखणे आहे. मोटार उभी असली तरी ती झोपलेली नसते. तिचे घड्याळ चालू असते, चोरघंटा जागी असते, आणि मालकाच्या किल्लीकडून संदेश येईल या आशेवर तिचा संदेशग्राहक अहोरात्र कान लावून बसलेला असतो. या सर्वांचा मिळून खर्च सुमारे ३० मिलीअँपिअर धरला, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतले तीन भाग, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास आणि आठवड्याला पाच अँपिअर-तास वीज काहीही न करता निघून जाते. अँपिअर-तास हे बॅटरीतल्या साठ्याचे माप असून लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. यावर प्रताप नगरात रूढ असलेला उपाय असा की रविवारी सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की मोटार पाच मिनिटे चालू करावी, इंजिनाचा आवाज समाधानाने ऐकावा आणि बंद करावी. एवढ्या वेळात, तेही मंद गतीवर, इंजिनाला जोडलेला वीजजनक म्हणजे अल्टरनेटर बॅटरीला एक अँपिअर-तासही परत देत नाही. आठवड्याला पाच जाणार आणि एकाहून कमी येणार, हा हिशेब बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या नजरेतून सुटावा, यात खरे नवल आहे. आतला छतावरचा दिवा चुकून चालू राहिला, तर तो पाच वॅटचा जुना बल्ब असल्यास तीन-चार दिवसांत सगळा साठा संपवतो. पुढचे मोठे दिवे राहिले तर एक दुपार पुरते.

या विषयाचा सर्वांत व्यापक प्रयोग २०२० साली झाला. राज्य सरकारने २० मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड यांच्यासह नागपूरची कार्यालये आणि दुकाने बंद ठेवण्याची घोषणा केली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि सगळ्या मोटारी एकदम, एकाच आठवड्यात, आपापल्या जागी थिजल्या. टाळेबंदी सैल झाली तेव्हा पेट्रोल होते, टायरमध्ये हवा होती, मालकाजवळ बाहेर पडण्याची विलक्षण इच्छाही होती, फक्त दार उघडत नव्हते.

बॅटरीच्या मृत्यूची वेळ आणि तिचा पंचनामा होण्याची वेळ या दोन वेगळ्या असतात, आणि नागपूरच्या हवेत हा फरक फार ठळक दिसतो. शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली. तिच्यात सहा घरे असतात, प्रत्येक घर दोन व्होल्टपेक्षा थोडी जास्त वीज देते, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२ च्या खाली उतरली की ती नावापुरती उरते. आतील रासायनिक झीज तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्याने तपासून तो संवेदकाचा दोष असल्याचे सांगितले. उन्हाळ्यात जिथे उष्णता मोजणारे यंत्रच भान हरपून बसते तिथे बॅटरीकडून काय अपेक्षा करावी! तात्पर्य, बॅटरीचे आयुष्य मे महिन्यात जळते. मात्र ती बसते डिसेंबरात, कारण थंडीत तेल घट्ट होते, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि बॅटरीचा उरलासुरला जोर त्याच वेळी कमी झालेला असतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. अशा सकाळी बसलेल्या बॅटरीचा दोष प्रताप नगरात एकमताने थंडीवर ठेवला जातो आणि उन्हाळा साळसूदपणे सुटतो.

पूर्वीच्या मोटारींना चक्रक दोष माहीत नव्हता. आरंभीच्या काळात इंजिन हातानेच, पुढून लोखंडी हँडल मारून सुरू करावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आला आणि हे काम बॅटरीकडे गेले. दार मात्र त्यानंतरही अनेक दशके किल्लीचेच राहिले. तेव्हाच्या बऱ्याच मोटारींच्या दाराला खिडकीच्या कडेशी एक खुंटी असे, ती दाबली की कुलूप आणि ओढली की मोकळीक, एवढाच सगळा कारभार होता. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने देशाचे बरेच काही बदलले, पण दाराच्या बाबतीत तिने परंपरा मोडली नाही. त्या काळी किल्ली आत राहिली तर काच आणि रबर यांच्या फटीतून पोलादी फुटपट्टी खाली सोडून आतली कांडी अडकवण्याची विद्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत एकाला तरी येत असे, आणि ज्याला ती येई त्याच्याविषयी गल्लीत कृतज्ञता आणि संशय या दोन्ही भावना समप्रमाणात असत.

पुढे चारही दारे एकदम लावणारे सेंट्रल लॉकिंग आले, मग लांबून दार उघडणारा रिमोट आला आणि शेवटी खिशात किल्ली आहे एवढे ओळखून दार उघडणारी व्यवस्था आली. मोटारीने मालकाला ओळखावे ही कल्पना सुखद आहे. फक्त ती ओळख बॅटरीच्या आरोग्यावर अवलंबून असते, हे विक्रीच्या वेळी पेढे देताना कोणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंगाचे स्वरूप पाहू. मालक मोटारीजवळ येतो आणि रिमोटचे बटण दाबतो. काही होत नाही. मग तो तेच बटण अधिक जोराने दाबतो, जणू विजेच्या संदेशाला अंगठ्याच्या बळाने गती मिळणार आहे. नंतर हात उंच करून, नंतर काचेला रिमोट चिकटवून, नंतर बोनेटच्या बाजूने, असे प्रदक्षिणाक्रमाने प्रयोग होतात. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. वीज दोन ठिकाणी असते: एक मोटारीच्या बॅटरीत आणि दुसरी रिमोटमधल्या नाण्याएवढ्या सेलमध्ये. हा सेल बहुधा सीआर २०३२ या जातीचा असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि तीन व्होल्टचा. रिमोटवरचा बारीक लाल दिवा लागत असेल आणि तरीही मोटार ढिम्म असेल, तर दोष बहुधा मोटारीकडे असतो. तरीही पहिला हुकूम सुटतो तो दुसरी किल्ली आणण्याचा.

दुसरी किल्ली आणणे हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. ती हरवू नये म्हणून कपाटाच्या तिजोरीत ठेवलेली असते. मुंबईत १८९७ मध्ये कुलपांच्या कारखान्यापासून सुरुवात करणाऱ्या गोदरेजने पुढे पोलादी कपाटे केली आणि मराठी मध्यमवर्गाने आपला सगळा विश्वास त्यांच्या आतल्या तिजोरीत नेऊन ठेवला. तिजोरीची किल्ली साड्यांच्या थराखाली असते, कपाटाची किल्ली देवघराच्या खणात असते, आणि देवघराचा खण कशाने उघडतो हे घरातील एकाच व्यक्तीला माहीत असते, जी त्या वेळी भाजी आणायला गेलेली असते. एका गोष्टीच्या आधारासाठी दुसरी, तिच्यासाठी तिसरी, अशी न संपणारी मालिका लागते तेव्हा शास्त्रकार तिला ‘अनवस्था’ म्हणतात. इतके करून दुसरी किल्ली हाती येते तेव्हा तिचा सेल, खरेदीपासून कधीच न बदलल्यामुळे, निर्वाण पावलेला असतो.

एव्हाना गर्दी जमते. प्रताप नगरात सकाळी फिरायला निघालेल्यांची संख्या भरपूर असते आणि बंद मोटारीभोवती घुटमळणारा गृहस्थ हा घरी परतण्याचा विचार लांबणीवर टाकायला पुरेसा विषय असतो. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केल्यापासून प्रेक्षकांना आत डोकावण्याचीही सोय झाली आहे. मागच्या आसनावर पडलेली छत्री, अर्धवट प्यालेली पाण्याची बाटली आणि मागच्या लग्नातला आहेराचा नारळ यांवरून मालकाच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढले जातात. “चाबी आत राहिली का, काका?” हा पहिला प्रश्न. किल्ली मालकाच्या हातात स्पष्ट दिसत असली तरी तो विचारला जातो. “बॅटरी बसली असन, धक्का मारू का?” हा दुसरा. दार उघडल्याशिवाय गिअर काढता येत नाही, हँडब्रेक सोडता येत नाही आणि सुकाणू वळवता येत नाही, तरी धक्का मारण्याची तयारी असलेले तीन जण बाह्या सरसावून मागे उभे असतातच. “आमच्या साळ्याच्या गाडीचं अस्संच झालतं” या वाक्याने सुरू होणाऱ्या कथेत साळ्याने दार कसे उघडले ते कधीच येत नाही, त्याने नंतर ती गाडी कितीला विकली तेवढे येते. शेवटी कोणीतरी शांतपणे म्हणतो, “काच फोडून टाका ना बावा, काहून घाबरता?” आणि ज्याची काच नाही अशा प्रत्येकाला तो सल्ला पटतो.

काच फोडण्याचा सल्ला एका प्रसंगी मात्र अगदी बरोबर असतो. आत लहान मूल किंवा म्हातारे माणूस अडकले असेल आणि बाहेर नागपूरचे ऊन असेल, तर किल्ली, मेकॅनिक आणि विमा यांपैकी कशाचीही वाट पाहू नये. बाजूची काच बहुतेक मोटारींत कडक केलेली असून फुटल्यावर तिचे बारीक दाणे होतात. अडकलेल्या व्यक्तीपासून दूरची खिडकी निवडून तिच्या कोपऱ्यावर टोकदार कठीण वस्तूने मारावे. पुढची मोठी काच दोन काचांमध्ये पापुद्रा घालून केलेली असल्याने ती तडकते, पण वाट देत नाही.

एरवी दोन तज्ज्ञांना फोन जातात. मेकॅनिक म्हणतो की बोनेट उघडून ठेवा, मग केबल घेऊन येतो. चावीवाला म्हणतो की आधी गाडीत करंट येऊ द्या, मग कुलपाचे पाहू. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त असते, आणि दोन गोष्टी अशा परस्परांवर टेकल्या की त्या दोषाला ‘अन्योन्याश्रय’ म्हणतात. जरा अनुभवी चावीवाला आला तर तो दाराच्या वरच्या कडेत रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखी रबरी पिशवी सरकवतो, हवा भरून बोटभर फट करतो आणि लांब तारेने आतली मूठ ओढतो. अनेक मोटारींत ती ओढली की दार यांत्रिक रीतीनेच सुटते. जुनी फुटपट्टी आता कोणी आत घालू नये, कारण दाराच्या पोकळीत तारांचे जाळे असते, कांडीला आवरण असते, आणि पट्टी वर येताना दारापेक्षा खिडकीची मोटारच निकामी करून येते.

आश्चर्य असे की या सगळ्या खटाटोपाची गरज बहुतेक वेळा नसते. कंपनीने चक्रकातून निघण्याची वाट ठेवलेली असते आणि ती मालकाच्या मुठीतच असते. रिमोटच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो दाबून ओढले की आतून चपटी, करंगळीपेक्षाही लहान अशी धातूची किल्ली बाहेर येते. ती घेऊन मालक चालकाच्या दाराकडे वळतो आणि त्याला कळते की दाराला कुलपाचे भोकच नाही. तेही असते. दाराच्या मुठीचा जो टोकाचा तुकडा ओढला तरी हलत नाही, त्याच्या खालच्या अंगाला कित्येक मोटारींत नखाएवढी खाच असते. त्या खाचेत किल्लीचे टोक घालून वर उचकटले की रंगाचे टोपण टक् करून सुटते, क्वचित नालीत जाऊन पडते, आणि त्याखाली खरेखुरे, पितळी कडांचे, जुन्या वळणाचे कुलूप दिसते. त्यात धूळ भरलेली असते, किल्ली पहिल्या झटक्यात फिरत नाही, पण थोडे तेल आणि थोडा धीर असला की फिरते. दार उघडते. काच फोडा म्हणणारा गृहस्थ त्याच क्षणी घड्याळ पाहून निघून जातो.

ही वाट कुठे आहे ते कंपनीने चित्रासह छापून दिलेले असते. ज्या पुस्तिकेत ते छापलेले असते ती पुस्तिका, प्लॅस्टिकच्या मूळ पिशवीतून न काढलेली, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या खणात, म्हणजे बंद मोटारीच्या आत असते. एखादी गोष्ट मिळवायला तीच गोष्ट आधी हाती असावी लागणे याला ‘आत्माश्रय’ म्हणतात. तर्कशास्त्रातले चार नामांकित दोष एका लहान मोटारीत, तेही एकरकमी किंवा हप्त्याने, घरपोच मिळावेत, ही ग्राहकसेवा उपेक्षणीय नव्हे.

दार उघडल्यावरचा भाग तुलनेने सोपा आहे. बोनेटचा खटका बहुतेक मोटारींत तारेने ओढला जातो, त्याला वीज लागत नाही. शेजाऱ्याची मोटार जवळ आणून लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्राला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन अग्राला, काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्राला आणि शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावायचे असते; बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि शेवटचे टोक लावताना ठिणगी उडते, म्हणून हे अंतर ठेवायचे. काही महागड्या मोटारींत बॅटरी डिक्कीत असते, आणि त्यांची पुस्तिका अधिक जाड असते.

केबल लागताच मोटारीत प्राण येतात आणि तिला पहिली आठवण होते ती आपले दार रिमोटशिवाय उघडले गेल्याची. मग ती सकाळी साडेसात वाजता, दिवे उघडझाप करत, तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा स्वरात स्वतःच्या मालकाला चोर ठरवते. रिमोटचे बटण दाबले की ती गप्प बसते. अनेक मोटारींत एवढाच उपाय असतो, पण गोंधळात तो सुचायला वेळ लागतो आणि तोवर समोरच्या गच्चीवरही माणसे आलेली असतात. त्यानंतर मोटार पाच मिनिटांत बंद करू नये, रिंग रोडवर निदान अर्धा तास चालवून आणावी, आणि बॅटरी चार-पाच उन्हाळे पाहिलेली असेल तर येतायेता नवीच घ्यावी.

प्रताप नगरातील, आणि अन्यत्रच्याही, मोटारमालकांना एवढीच विनंती की आज संध्याकाळी रिमोटमधली ती चपटी किल्ली बाहेर काढून दारात एकदा फिरवून पाहावी, आणि गाडीची पुस्तिका घरात आणून वर्तमानपत्रांच्या रद्दीत जाणार नाही अशा जागी ठेवावी.